लाइट गेली, नेट गेलं, आता तपासा: जोडलेल्या उपकरणांच्या टेस्टिंगची इंदुरातून सुरुवात

इंदुरात टेस्टिंगची नोकरी म्हटली की बहुतेकांना वेबसाइट नाहीतर मोबाइल अ‍ॅपच आठवतं. विजय नगरातली ऑफिसं, क्रिस्टल आयटी पार्क, सुपर कॉरिडॉरवरचे टीसीएस आणि इन्फोसिसचे कॅम्पस, सगळीकडे हेच काम जास्त. पण मधल्या काळात घराबाहेरचा विजेचा मीटर, सिटी बसमधला ट्रॅकर, सियागंजातल्या दुकानाचा कॅमेरा आणि गावाबाहेरचं कोल्ड स्टोरेज हे सगळंच नेटला जोडलं गेलं. त्यांच्या पोटातही सॉफ्टवेअरच आहे आणि ते तपासणारी माणसं कमी आहेत.

हा लेख नुकतंच कॉलेज संपवलेल्यांसाठी आणि दोन-तीन वर्षं वेब टेस्टिंग करून कंटाळलेल्यांसाठी आहे. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी नसली तरी अडणार नाही. मात्र वायर उपसून बघायची भीती वाटता कामा नये.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. उपकरण व्यवस्थित चालू असताना चालतं की नाही, हे बघायला टेस्टर लागत नाही. ते विकणाराही टेबलावर ठेवून दाखवतो. टेस्टरचं काम सुरू होतं ते लाइट गेल्यावर, नेट तुटल्यावर, घड्याळ चुकल्यावर, अपडेट अर्धवट राहिल्यावर. वेबसाइट बिघडली तर रात्रीतून सर्व्हरवर दुरुस्त करता येते. देवास नाक्यापलीकडे खांबावर टांगलेला डबा बिघडला तर शिडी घेऊन माणूस पाठवावा लागतो. अशा प्रत्येक डब्याच्या नशिबी दिवसातून दोनदा काहीतरी तुटणं असतंच. तो आपला आपण सावरतो का, एवढंच बघायचंय.

पहिली पायरी: एका आकड्याच्या मागे जा

सरावासाठी एकच उपकरण घ्या आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवा. मी इथे बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमधला तापमापक धरतो. माळव्यात बटाटा भरपूर, कोल्ड स्टोरेजही भरपूर, आणि ही वस्तू घरी बनवता येते.

कागदावर त्या आकड्याचा प्रवास काढा. सेन्सरने तापमान मोजलं. मायक्रोकंट्रोलरने, म्हणजे उपकरणातल्या छोट्या संगणकाने, ते वाचलं. वायफायने किंवा सिमकार्डाने ते बाहेर गेलं. मध्ये ब्रोकर नावाचा निरोप्या बसलाय, त्याने ते सर्व्हरकडे दिलं. डेटाबेसमध्ये नोंद झाली. मालकाच्या फोनवर ‘३.६ अंश’ दिसलं. यातल्या प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून एकच विचारायचं: इथे तुटलं तर पुढच्याला कळतं का?

मग मालकाशी बोला. हे काम वेब टेस्टर हमखास टाळतात.

‘साहेब, इशारा किती अंशांना यायला हवा?’

‘बियाण्याचा माल आहे की चिप्सचा, ते आधी सांगा.’

त्यांचं बरोबर आहे. बियाण्याचा बटाटा २ ते ४ अंशांत ठेवतात. चिप्सचा बटाटा तेवढा थंड ठेवला तर त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळल्यावर चिप्स काळपट पडतात, म्हणून तो १० ते १२ अंशांच्या आसपास ठेवतात. म्हणजे ‘५ अंशांच्या वर गेलं की घंटा’ हा नियम एका खोलीत बरोबर आणि शेजारच्या खोलीत रात्रभर उगाच कोकलणारा. इशाऱ्याची मर्यादा खोलीनुसार बदलता येते का, ही पहिली टेस्ट केस तुम्हाला त्या गप्पांतून मिळाली. कुठल्याही स्पेसिफिकेशनमध्ये ती सापडली नसती.

दुसरी पायरी: सामान

ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर), डीएस१८बी२० जातीचा वॉटरप्रूफ तापमान सेन्सर, ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर, जंपर वायरी, यूएसबी केबल. महाराणी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा किंवा ऑनलाइन मागवा. हे सगळं साधारण हजार रुपयांत बसतं. जमलं तर बोर्ड दोन घ्या, दुसऱ्याचा उपयोग पुढे आहे.

पैसे घालायचे नसतील तर वोक्वी नावाचा सिम्युलेटर ब्राउझरमध्ये चालतो, त्यात ईएसपी३२ जोडून कोड चालवता येतो. सुरुवातीला तेवढं पुरे. पण सिम्युलेटरमधली वायर कधी सैल होत नाही, म्हणून त्याच्यावर फार काळ राहू नका.

दोन ठिकाणी नवखे हमखास अडकतात. साधा ईएसपी३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतो, त्यामुळे फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर बोर्ड बिचारा शोधतच बसतो. आणि सिमवाला मॉड्यूल घेणार असाल तर बाजारात स्वस्तात मिळणारे सिम८००एलसारखे मॉड्यूल २जीवर चालतात. जिओकडे २जी नाहीच, तेव्हा त्यात जिओचं सिम घालून सोल्डरिंगला दोष देण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी: सेन्सरवर विश्वास ठेवू नका

थर्मासमध्ये कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी घाला, ढवळा, सेन्सर बुडवा. शून्य अंश दिसायला हवं. या सेन्सरची अचूकता उणे १० ते ८५ अंशांच्या पट्ट्यात अधिक-उणे अर्धा अंश आहे, त्यामुळे ०.४ दिसलं तर तो बग नव्हे. २.१ दिसलं तर आहे.

आता चालू अवस्थेत सेन्सरची वायर उपसा. प्रचलित लायब्ररी वापरली असेल तर उणे १२७ येईल. हे तापमान नाही, ‘सेन्सर सापडत नाही’ असं सांगायची ती पद्धत आहे. मग वीज बंद करून चालू करा. बऱ्याचदा पहिला आकडा येतो बरोब्बर ८५.०. हा या चिपचा जागं होतानाचा ठरलेला आकडा आहे. १२ बिटांच्या अचूकतेने मोजायला तिला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो आणि त्याआधीच कोडने विचारलं तर ती हाच आकडा पुढे करते.

आता हे दोन आकडे पुढे कुठवर जातात ते बघा. उणे १२७ दिवसाच्या सरासरीत मिसळला तर आलेख जमिनीत गाडला जातो. ८५ फोनपर्यंत गेला तर रात्री तीन वाजता लाइट येताक्षणी मालकाला इशारा जातो. असं चार वेळा झालं की तो इशारे बंद करून टाकतो, आणि मग खरा बिघाड होतो त्या दिवशी फोन गप्प असतो. डेव्हलपर म्हणेल, ‘८५ आला की टाकून देतो, सोपं आहे.’ कोल्ड स्टोरेजमध्ये चालेल. पण हाच कोड उद्या दुधाच्या पाश्चरायझेशनला लावला तर? तिथे ७२ अंशांच्या वरचे आकडे खरेच असतात. म्हणून टेस्ट केस लिहिताना ‘८५ वगळतो’ यावर समाधान मानू नका. मोजमाप पूर्ण होईपर्यंत तो थांबतो का, ते तपासा.

आणखी एक चोरटा बग म्हणजे गोठलेला आकडा. सेन्सर मेला, पण कोड शेवटचा चांगला आकडाच पाठवत राहिला. फोनवर छान ३.६ दिसतंय आणि आत बटाटे उकडतायत. खऱ्या सेन्सरचा आकडा दशांशात थोडा तरी हलतो. बराच वेळ अजिबात न हललेल्या आकड्यावर संशय घेणारी तपासणी कोडमध्ये आहे का, ते विचारा.

चौथी पायरी: मधला निरोप्या

या क्षेत्रात सगळ्यात जास्त भेटणारा प्रोटोकॉल, म्हणजे उपकरणांची आपसात बोलायची ठरलेली पद्धत, एमक्यूटीटी. १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तो तेलाच्या पाइपलाइनवर नजर ठेवण्यासाठी बनवला, तेही उपग्रहाच्या महागड्या आणि तुटक्या जोडणीवर चालावा म्हणून. त्याचा जन्मच तुटण्याच्या हिशेबाने झालाय, त्यामुळे आपल्या कामाचं पुष्कळ त्यात आधीच आहे. मात्र डेव्हलपर ते वापरतोच असं नाही.

लॅपटॉपवर मॉस्किटो हा फुकट ब्रोकर टाका. त्याच्यासोबत निरोप पाठवायची आणि ऐकायची दोन छोटी साधनं येतात. ऐकणारं साधन चालू ठेवा आणि बोर्ड काय बोलतोय ते बघत बसा. दोन तास नुसतं ऐकलंत तरी पुस्तकापेक्षा जास्त कळेल.

मग या तीन गोष्टी तपासा. पहिली, निरोप पोचवण्याची हमी. तिच्या तीन पातळ्या आहेत: ०, १ आणि २. पातळी १ म्हणजे किमान एकदा पोचेल, पण दोनदाही पोचू शकेल. तापमान दोनदा आलं तर फार बिघडत नाही. दूध संकलन केंद्रावरचे लिटर दोनदा आले तर बिलावर भांडणं होतात. तोच निरोप मुद्दाम दोनदा पाठवा आणि बेरीज बघा.

दुसरी, राखून ठेवलेला निरोप. ब्रोकर शेवटचा आकडा सांभाळून ठेवू शकतो आणि नव्याने जोडलेल्या फोनला लगेच देतो. सोय छान आहे. पण बोर्ड काल संध्याकाळी मेला असेल तरी आज सकाळी अ‍ॅप उघडल्यावर ३.६ दिसतं. त्या आकड्याशेजारी ‘केव्हाचा’ हे लिहिलंय का? नसेल तर बग टाका आणि त्यावर अडून बसा.

तिसरी, मृत्युपत्र. प्रोटोकॉलमध्ये त्याला खरंच तसंच नाव आहे. उपकरण जोडतानाच सांगून ठेवतं की माझा संपर्क अचानक तुटला तर हा निरोप सगळ्यांना द्या. ‘मी आहे’ असं कळवायच्या ठरलेल्या हजेरीच्या वेळेच्या (कीप-अलाइव्ह) दीडपट काळ काहीच ऐकू आलं नाही तर ब्रोकर ते जाहीर करतो. हजेरीची वेळ ६० सेकंद ठेवली असेल तर बोर्डाची वीज तोडल्यापासून साधारण ९० सेकंदांत ‘ऑफलाइन’ दिसायला हवं. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बघा.

जाता जाता वायरशार्क हे नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारं साधन उघडून एमक्यूटीटीच्या नेहमीच्या १८८३ क्रमांकाच्या पोर्टवरची वाहतूक बघा. पासवर्ड उघड्यावर दिसला तर दचकू नका, त्या पोर्टवर सहसा असंच असतं. विकायच्या वस्तूत मात्र ८८८३ पोर्टवरून कूटबद्ध वाहतूक हवी. आणि हे सगळं स्वतःच्या उपकरणावर, स्वतःच्या नेटवर्कवर. शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात परवानगीशिवाय डोकावणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली गुन्हा ठरू शकतो, ‘शिकत होतो’ म्हणून सुटका नाही.

पाचवी पायरी: तोडा

इथे घाई करू नका, खरं काम हेच आहे.

नेट. राउटर बंद करणं ही सोपी चाचणी, ती सगळेच करतात. बग जास्त सापडतात ते अर्धवट तुटण्यात. राउटर चालू ठेवा, त्याच्या पाठीमागची बाहेरून येणारी केबल तेवढी काढा. आता बोर्डाला वायफाय पूर्ण मिळतंय, नेट नाही. अनेक उपकरणं ‘जोडलेलं आहे’ असा हिरवा दिवा लावून तशीच बसून राहतात. घराघरांत रोज घडणारा प्रकार हाच असतो. दुसरा प्रकार संथ नेटचा. लिनक्सच्या लॅपटॉपला हॉटस्पॉट बनवून नेटएम या सोयीने डेटाच्या प्रत्येक पाकिटाला (पॅकेटला) अर्ध्या सेकंदाचा उशीर द्या, १० टक्के पाकिटं हरवू द्या आणि बोर्ड धीर धरतो का बघा. तिसरा प्रकार भिंतींचा. राजवाड्याजवळच्या जुन्या घरांतल्या जाड भिंतींपलीकडे सिग्नल उणे ८५ डीबीएमपर्यंत घसरतो (उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण), आणि ऑफिसच्या टेबलावर तो उणे ४५ असतो. टेबलावर पास झालेलं उपकरण तिथे पास होईल असं समजू नका.

नेट तुटलेलं असताना नोंदी साठवल्या जातात का? मिनिटाला एक नोंद धरली तर आठ तासांत ४८० नोंदी होतात. नेट परत आल्यावर ४८० च्या ४८० आल्या का, क्रमाने आल्या का, आणि मुख्य म्हणजे मोजल्याची वेळ टिकली का, की सगळ्यांवर ‘आत्ताची’ वेळ पडली? प्रवासी वाहनांत बसवायच्या ट्रॅकरसाठी एआयएस-१४० हे भारतीय मानक आहे. त्यात नेटवर्क नसताना किमान ४०,००० नोंदी साठवायची आणि आतल्या बॅटरीवर चार तास चालायची अट आहे. ट्रॅकरच्या कंपनीत मुलाखतीला जाणार असाल तर ते मानक वाचूनच जा. पीथमपूरला वाहनं तपासण्याचा ११.३ किलोमीटरचा नॅट्रॅक्सचा वेगवान ट्रॅक आहे, आसपास गाड्यांचे कारखाने आहेत, त्यामुळे अशा कामाला आपल्याकडे वाव आहे.

वीज. इथे दुसरा बोर्ड आणि एक रिले, म्हणजे कोडने चालू-बंद करता येणारा स्विच, कामाला येतो. रिलेने पहिल्या बोर्डाची वीज तोडायची आणि जोडायची, दर वेळी वेगळ्या अंतराने, आणि हे रात्रभर चालू ठेवायचं. सकाळी लॉग वाचायचा: किती वेळा उठला, किती वेळा उठलाच नाही, साठवलेली मर्यादा किती वेळा पुसली गेली. मोठ्या कंपन्या ज्याला हार्डवेअर-इन-द-लूप म्हणतात आणि ज्याच्यासाठी लाखोंची यंत्रं मांडतात, त्याचं हे गरीब भावंड आहे. पण बग तेच सापडतात. पूर्ण वीज जाण्यापेक्षा दाब खाली येणं जास्त छळतं. कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर दिवे मंद होतात ना, त्या क्षणी बोर्ड रीसेट होतो. दर कॉम्प्रेसरला एक रीसेट, आणि दर रीसेटला फ्लॅश मेमरीत एक नोंद.

त्या मेमरीलाही आयुष्य असतं. साध्या फ्लॅशचा एक भाग साधारण एक लाख वेळा पुसता येतो. फार वाटतं, पण तीच जागा दर मिनिटाला पुसून लिहिली तर सत्तर दिवसांत लाख होतात. टेस्लाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सुमारे १,३५,००० गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण स्क्रीनमागची मेमरी लिहून लिहून झिजत होती. तेव्हा ‘दिवसाला किती वेळा लिहितो?’ हे डेव्हलपरला विचारायचं आणि गुणाकार आपण करायचा.

लाइट परत येण्याचीही एक चाचणी आहे. सगळ्या कॉलनीची लाइट एकदम आली की हजारो मीटर आणि कॅमेरे एकाच सेकंदाला सर्व्हरचं दार ठोठावतात. उपकरणाने पुन्हा जोडण्याआधी थोडा यादृच्छिक वेळ थांबायला हवं, आणि जमलं नाही तर प्रत्येक वेळी जास्त थांबायला हवं. जेमीटर किंवा लोकस्ट वापरून हजार खोटी उपकरणं एकदम जोडून बघा. स्मार्ट मीटर पंधरा मिनिटांना एक नोंद ठेवत असेल तर एका मीटरच्या दिवसाला ९६ नोंदी. साचलेल्या नोंदींचा लोंढा लाइट आल्यावर येतो, तो वेगळा मोजा.

घड्याळ. स्वतःची बॅटरी नसलेलं उपकरण उठलं की त्याला वाटतं आज १ जानेवारी १९७० आहे. नेटवरून खरी वेळ मिळेपर्यंतच्या नोंदींचं काय होतं ते तपासा. मग आपला साडेपाच तासांचा फरक. सर्व्हर जागतिक वेळेने चालतो, त्याचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. दूध संकलन केंद्रावर ‘आजचं दूध’ हा आकडा पहाटे पाचला वाढू लागतो आणि साडेपाचला शून्य होतो. हा बग परदेशी टीमला कधीच दिसत नाही, कारण त्यांच्याकडे त्या वेळी दूध काढत नाहीत.

आर्डुइनोच्या कोडमधलं मिलिसेकंदांचं मोजमाप ३२ बिटांचं असतं, ते ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतं. दोन महिने चालून अचानक अडकणाऱ्या उपकरणांचं मूळ कित्येकदा इथे असतं. पन्नास दिवस वाट बघायची गरज नाही, मोजणी शेवटाच्या जवळून सुरू होईल असं चाचणीचं फर्मवेअर (उपकरणाच्या पोटातलं सॉफ्टवेअर) मागून घ्या. ६ एप्रिल २०१९ ला जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ पूर्ण होऊन शून्यावर आला आणि काही जुने रिसीव्हर गोंधळले. ३० सप्टेंबर २०२१ ला, सर्व्हरची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि बऱ्याच जुन्या उपकरणांना सर्व्हर ओळखेनासे झाले. पुढची मोठी तारीख १९ जानेवारी २०३८, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी: १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या घड्याळांचा आकडा तेव्हा भरतो. आज बसवलेला मीटर तेव्हाही खांबावर असेल, म्हणून ही तारीख आजच घालून बघायची.

सहावी पायरी: अपडेट

ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत लॉकस्टेट कंपनीने आपल्या दाराच्या स्मार्ट कुलपांना दुरून अपडेट पाठवलं. एका मॉडेलचं फर्मवेअर दुसऱ्या मॉडेलला गेलं आणि जवळपास ५०० कुलपं निकामी झाली. दुरून दुरुस्तीही करता येईना, कारण नेटशी बोलणारा भागच बंद पडला होता. त्याआधी जानेवारी २०१६ मध्ये नेस्टच्या थर्मोस्टॅटची बॅटरी एका सॉफ्टवेअर बगमुळे संपत गेली आणि ऐन थंडीत लोकांची घरं गार पडली.

यावरून चाचण्या आपोआप सुचतात. मुद्दाम दुसऱ्या मॉडेलची फाइल द्या, उपकरणाने ती नाकारायला हवी. फाइलचा एक बाइट बदलून द्या, स्वाक्षरी जुळत नाही म्हणून नाकारायला हवी. अपडेट १० टक्क्यांवर, ५० वर, ९९ वर असताना वीज तोडा. ईएसपी३२ मध्ये फर्मवेअरसाठी दोन कप्पे ठेवता येतात, नवं चाललं नाही तर जुन्यावर परत जायची सोय असते. ती चालू केलीय का? मधल्या आवृत्त्या गाळून १.१ वरून थेट १.४ वर न्या, कारण गोदामात सहा महिने पडलेला डबा तसाच अपडेट होणार. आणि अपडेट झाल्यावर मालकाने ठेवलेली मर्यादा तशीच आहे का, की पुन्हा कारखान्याची आली?

सातवी पायरी: सुरक्षा, जिथे वारं सगळ्यात जोरात वाहतंय

२०१६ च्या मिराई या घातक सॉफ्टवेअरच्या प्रकरणानंतर हे क्षेत्र बदललं. कॅमेरे आणि राउटर कारखान्यातून आलेल्या पासवर्डांवरच चालत होते. मिराईने असे साठेक नाव-पासवर्ड घेऊन लाखो उपकरणं ताब्यात घेतली, आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला साइट्सचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर अशाच उपकरणांकरवी झालेल्या हल्ल्याने अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या साइट्स बंद पडल्या. सॉफ्टवेअरच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेने २०१८ साली जोडलेल्या उपकरणांसाठी काढलेल्या दहा धोक्यांच्या यादीत पहिला नंबर याच कमकुवत पासवर्डांचा लागला.

मग कायदे आले. घरगुती जोडलेल्या उपकरणांच्या सुरक्षेचं युरोपातलं ईटीएसआय ईएन ३०३ ६४५ हे मानक २०२० चं. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना एकच पासवर्ड असलेली घरगुती उपकरणं विकायला बंदी घातली. युरोपीय संघाचा सायबर रेझिलिअन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला, त्यातली त्रुटी कळवण्याची सक्ती ११ सप्टेंबर २०२६ पासून आणि मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून. आपल्याकडे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना ९ एप्रिल २०२५ पासून सुरक्षेच्या अटी पूर्ण करून चाचणी अहवाल द्यावा लागतो. माझ्या मते नवख्यांसाठी पुढच्या काही वर्षांतलं सगळ्यात खात्रीचं काम इथे आहे, कारण आता चाचणी न करणं कंपनीला परवडत नाही. अहवाल नाही तर विक्री नाही.

घरबसल्या काय करता येईल? फॅक्टरी रीसेट करून बघा, जुना वायफाय पासवर्ड खरंच पुसला जातो का. जेल रोडवर सेकंडहँड वस्तूंची उलाढाल बघितलीत तर या चाचणीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. स्वतःच्या फर्मवेअरच्या फाइलमधून वाचता येणारी अक्षरं बाहेर काढा आणि त्यात पासवर्ड दिसतो का शोधा. पाच वेळा चुकीचा पासवर्ड दिल्यावर काय होतं ते बघा. आणि सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी, जिला एसबीओएम म्हणतात, ती वाचायला शिका. काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते करणाऱ्याला भाव आहे.

बाकीचे वारे, थोडक्यात

मॅटर हे स्मार्ट होमचं सामाईक मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं. एका कंपनीचा बल्ब दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपवर चालायला हवा, त्यामुळे जोड्या जुळवून तपासण्याचं काम वाढलंय. रेनोड आणि क्यूईएमयूसारख्या साधनांनी बोर्डाशिवाय फर्मवेअर चालवून प्रत्येक बदलानंतर आपोआप चाचण्या घेतात, हे शिकण्यासारखं आहे.

आणि एआय. टेस्ट केसचा पहिला मसुदा लिहायला, हजार ओळींच्या लॉगमधून विचित्र ओळ शोधायला ते उत्तम. ८५.० चा प्रकार त्याला विचारलात तर बरोबर सांगेल. पण विचारायचं कधी ते वायर उपसल्यावरच सुचतं. उपकरणातच एआय असेल तर तपासणी आणखी मजेदार होते. माणसं मोजणारा किंवा चेहरे ओळखणारा कॅमेरा राजवाड्यावर लावलाय असं समजा. रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी निम्मे चेहरे हिरवे-जांभळे, लेन्सवर गुलाल, आणि इंचभर जागा नाही. त्या दिवशीची चित्रं तपासणीच्या संचात नसतील तर तो कॅमेरा इंदुरासाठी तपासलाच नाही असं समजा.

आठवी पायरी: बग लिहायचा कसा

‘तापमान चुकीचं दाखवतंय’ असं लिहिलंत तर डेव्हलपर ‘माझ्याकडे बरोबर येतं’ म्हणून बंद करेल, आणि त्याचंही चूक नाही. असं लिहा:

‘फर्मवेअर १.३.२, बोर्ड क्रमांक २, यूएसबी चार्जरवर, सिग्नल उणे ६१. वीज तीन सेकंद बंद करून चालू केली. पहिली नोंद ८५.०, दुसरी ३.६. दहापैकी दहा वेळा. पहिली नोंद ब्रोकरपर्यंत पोचते आणि फोनवर “तापमान जास्त” असा इशारा येतो. अपेक्षित: पहिलं मोजमाप पूर्ण होईपर्यंत काही पाठवू नये. सिरियल लॉग जोडला आहे.’

कुठली आवृत्ती, कशावर चालत होतं, काय तोडलं, किती वेळा घडलं. कधीकधीच घडणारा बग असेल तर ‘दहापैकी दोन वेळा’ असं लिहा आणि त्या दोन वेळांत काय सारखं होतं ते शोधा: चार्जर, केबल, कॉम्प्रेसर, तासाचा आकडा. ऑफिसात हे इंग्रजीत लिहाल, पण क्रम हाच ठेवा.

पहिल्या नोकरीसाठी

आयएसटीक्यूबी या संस्थेचं टेस्टिंगचं पायाभूत प्रमाणपत्र असेल तर बायोडेटा चाळणीतून पुढे सरकतो, पण मुलाखत त्यावर निघत नाही. या घरगुती तापमापकाचा पूर्ण अहवाल गिटहबवर ठेवा: आकड्याच्या प्रवासाचं चित्र, टेस्ट केस, रिलेच्या रात्रीचा लॉग, सापडलेले बग आणि ज्यांत काही सापडलं नाही त्या चाचण्याही. जीएसआयटीएस किंवा डीएव्हीव्हीत शिकत असाल तर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हेच घ्या, आणि मित्राच्या प्रोजेक्टमधलं उपकरण मागून घेऊन तेही तोडा. दुसऱ्याने बनवलेलं तपासताना जास्त सापडतं. अर्ज पीथमपूरच्या वाहन-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे, मीटर आणि ट्रॅकर बनवणाऱ्यांकडे, आणि अशा कंपन्यांचं काम घेणाऱ्या विजय नगरच्या लहान ऑफिसांकडे करा. सोबत बायोडेटाच्या वरच्याच ओळीत त्या अहवालाची लिंक द्या. मुलाखतीला बोर्ड खिशात घेऊन जा, पॉवर बँक भरलेली असू द्या.